क्रॉसरोड्स : गीताचा अर्थ

अमेरिकन कृष्णवर्णीय गायक व गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन (१९११–१९३८) यांनी २७ नोव्हेंबर १९३६ रोजी टेक्सस राज्यातील सॅन अँटोनिओ येथे ‘क्रॉस रोड ब्लूज’ (क्रॉस रोड म्हणजे चव्हाटा) हे गीत ध्वनिमुद्रित केले. ‘क्रीम’ या ब्रिटिश त्रयीने १९६८ मध्ये ‘क्रॉसरोड्स’ या नावाने गायिलेले त्याचे रूप ब्लूज-रॉकमधील (ब्लूज या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या गीतप्रकारावर आधारलेल्या रॉक संगीतातील) अभिजात रचना मानले जाते. या गीताइतके अर्थ ब्लूज परंपरेतील क्वचितच दुसऱ्या गीताला चिकटले असतील.

मूळ गीतातील प्रसंग अगदी साधा आहे. निवेदक चव्हाट्यावर गुडघे टेकून देवाकडे दयेची याचना करतो. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करतो, पण त्याला ओळखणारे कोणी नसल्याने सगळे पुढे निघून जातात. दिवस मावळू लागतो, आणि आपण बुडत चाललो आहोत हे विली ब्राउन या मित्राला जाऊन सांगा, अशी विनवणी तो करतो. गीतात सैतान कोठेही नाही.

तरीही सर्वाधिक रूढ अर्थ सैतानाचाच आहे. जॉन्सन यांनी मध्यरात्री चव्हाट्यावर आत्मा विकून वादनकौशल्य मिळवले, अशी ही आख्यायिका आहे. वस्तुतः ही कथा प्रथम टॉमी जॉन्सन या नात्याने असंबंधित असलेल्या वादकाविषयी प्रचलित होती आणि ती टॉमी यांच्या भावाने संशोधकांना सांगितली होती. रॉबर्ट यांच्याशी ती जोडली जाण्यास १९६० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या सन हाउस या ज्येष्ठ गायकाच्या आठवणी कारणीभूत ठरल्या. सुमार वाजवणारा पोरगा काही काळ गावाबाहेर राहून परतला तो थक्क करणारा वादक होऊनच, असे ते सांगत. मधल्या काळात आइक झिमरमन या गिटारवादकाकडे घेतलेली तालीम हे त्याचे अधिक पटणारे कारण आहे. जॉन्सन यांच्याच १९३७ मधील ‘मी अँड द डेव्हिल ब्लूज’ या गीतात मात्र सैतान येतो, आणि श्रोत्यांनी त्याला तेथून उचलून चव्हाट्यावर आणून उभे केले असावे. पश्चिम आफ्रिकेतील एशू व लेग्बा या वाटांच्या दैवतांचा धागाही अभ्यासक दाखवतात. तिठ्यावर उतारा टाकण्याची रीत ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही कथा ओळखीची वाटते, म्हणूनच ती चटकन खरी मानण्याचा मोह टाळावा.

दुसरा अर्थ सामाजिक आहे. १९३० च्या दशकात जॉन्सन यांच्या मिसिसिपी राज्यात परक्या गावी अंधार पडल्यावर एकट्या कृष्णवर्णीय माणसाला भटकेगिरीच्या कायद्याखाली अटक होण्याची, आणि जमावाच्या हातून जीव जाण्याचीही भीती असे. त्या दृष्टीने पाहिल्यास मावळता सूर्य हा अलंकार उरत नाही, तर ओळखीपाळखीच्या माणसाविना रस्त्यावर अडकलेल्याची धास्ती त्यातून व्यक्त होते. गीताचे शब्द याच अर्थाला अधिक जुळतात.

क्रीमचे ध्वनिमुद्रण १० मार्च १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील विंटरलँड सभागृहात झाले व ते ‘व्हील्स ऑफ फायर’ या संचातून प्रसिद्ध झाले. एरिक क्लॅप्टन यांची गिटार, जॅक ब्रूस यांचा बास आणि जिंजर बेकर यांचे ड्रम्स यांच्या वेगवान झटापटीत मूळची विनवणी बरीचशी झाकोळून जाते. त्याहून महत्त्वाचा बदल शब्दांत आहे : अंधाराच्या भीतीचे कडवे गळले आणि त्याऐवजी जॉन्सन यांच्याच ‘ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज’मधील, प्रेयसीला घेऊन नदीकाठच्या रोझडेल गावी जाण्याचे कडवे आले. परिणामी, गीताची ओळख या ध्वनिमुद्रणातून झालेल्या श्रोत्याला त्यात कोंडीपेक्षा भटकंतीची मोकळीक अधिक ऐकू येते.

हा चव्हाटा नेमका कोणता, हा प्रश्न जॉन्सन यांनी कोणत्याही रस्त्याचे नाव न घेतल्याने निरर्थक ठरतो. तरी मिसिसिपीतील क्लार्क्सडेल येथे ६१ व ४९ क्रमांकांचे जुने महामार्ग मिळत तेथे गिटारींचे स्मारक उभे आहे. रोझडेलही तो मान आपला असल्याचे सांगते, पण ‘क्रॉस रोड ब्लूज’मध्ये त्या गावाचे नावच नाही, ते क्लॅप्टन यांनी जोडलेल्या कडव्यातून आले आहे.