‘घरी बसला’ म्हणजे अपंगत्वामुळेच?

धुळ्यापासून रावेरपर्यंत एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकतोय: “दिव्यांग पोरगं बारावी झालं, आता घरीच बसणार. त्याला विचारून काय मिळणार?” मिळतं. फक्त विचारायला हवं.

अमेरिकेत विशेष शिक्षणाच्या कायद्याखाली राज्यांना अशा मुलांचं शाळा सोडल्यानंतरच्या वर्षभरात काय झालं, हे कळवावं लागतं: कॉलेज, नोकरी की दुसरं प्रशिक्षण? आपल्याकडे 2016 च्या कायद्याने 40 टक्के वा जास्त अपंगत्व असणाऱ्यांसाठी सरकारी उच्च शिक्षणात किमान 5 टक्के जागा राखल्या. पण तिथवर कोण पोचलंच नाही, हे जागा मोजून कसं कळणार?

आम्ही एका शाळेचं जुनं रजिस्टर घेऊन फोन लावायला बसलो. एक नंबर मामाचा, मामा सुरतेला. दुसरा बंद. तिसऱ्याने उचलला: “कॉलेज जळगावला आहे भाऊ. कुबड्या धरून बसच्या पायऱ्या चढेस्तोवर घंटी वाजते.” पोऱ्याचं डोकं ठणठणीत, अडलं ते पायरीवर.

अशा पाहणीत एक गोम असते. फोन बहुधा बरं चाललेलाच उचलतो, म्हणून आकडा फुगतो. न सापडलेल्यांना ‘माहिती नाही’ म्हणून सोडायचं नाही. त्यांच्या गावात जाऊन, शेजारी विचारून शोधायचं. आणि अंध, कर्णबधिर, मतिमंद अशी उत्तरं वेगवेगळी मांडायची. एकाला बस नडते, दुसऱ्याला दुभाषा मिळत नाही.