वाळवंटी उंदराची नवी प्रजाती: नाव कुठे अडते?

नव्या प्रजातीला नाव द्यायचे म्हटले की सगळ्यात आधी विचारतात, अर्ज कुठे करायचा? कुठेही नाही. प्राणिनामकरणाचा आंतरराष्ट्रीय आयोग आहे, पण तो प्रत्येक नावावर शिक्का मारत नाही; तंटा झाला तरच त्याच्याकडे जायचे. तुमचा छापलेला शोधनिबंध हाच अर्ज. पदवीची अट नाही. इतकी मोकळीक असूनही नावे बाद होतात, आणि होतात ती फुटकळ कारणांनी.

आधी जुनी दप्तरे उघडा. डीएनएत फरक दिसला की लगेच नवे नाव सुचवायची घाई होते. जर्बोआ म्हणजे मागच्या लांब पायांवर उड्या मारणारा वाळवंटी उंदीर; त्याच्या जॅक्युलस जॅक्युलस या प्रजातीतून दुसरी प्रजाती वेगळी काढली, तेव्हा १८२३ सालचे हिर्टिपेस हे नाव आधीपासून पडूनच होते. जुने नाव लागू पडत असेल तर तेच चालते, तुमचे कितीही गोड असो.

मग होलोटाइप, म्हणजे नावाचा आधार ठरणारा एकमेव नमुना. २००० पासून तो नेमका कोणता आणि कोणत्या संग्रहात आहे किंवा ठेवणार आहात, हे निबंधात लिहावेच लागते. ‘नमुने लेखकाकडे आहेत’ एवढ्यावर भागत नाही. कातडी आणि कवटी एकाच प्राण्याची आहे ना, हे चिठ्ठ्या जुळवून पाहा. इतर प्रजातींपासून वेगळेपण दाखवणारी लक्षणेही शब्दांत हवीत. नुसते छायाचित्र पुरत नाही.

बरेच बळी ऑनलाइन निबंधांचे. २०१२ पासून असे प्रकाशन चालते, पण झूबँकवरची, म्हणजे प्राणिनावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीतली, नोंदणी आधी हवी आणि तिचा पुरावा निबंधातच हवा. नंतर घाईने नोंद केली तर ती प्रत सुधारत नाही. किती जणांना हे छापून आल्यावर कळते!

आणखी दोन सापळे. ‘ही प्रजाती वेगळी ठरल्यास हे नाव द्यावे’ असे सशर्त नाव १९६० नंतर चालत नाही. नम्रता इथे महागात पडते. ग्रंथालयात जमा केलेला प्रबंध म्हणजेही प्रकाशन नव्हे.

बाकी सोपे: अक्षरे लॅटिन, नावातला दुसरा शब्द विशेषण असेल तर त्याचे लिंग गणाशी (जीनसशी), म्हणजे नावाच्या पहिल्या शब्दाशी, जुळणारे. जुन्या नावापुढे लेखक कंसात दिसला तर तो कंस काढू नका. जॅक्युलस जॅक्युलसला लिनियसने १७५८ मध्ये ‘मुस’ गणात घातले होते, म्हणून तो कंस आहे.

चूक झालीच तर निबंध नियमानुसार पुन्हा छापा. मात्र तारीख नव्या प्रकाशनाचीच धरतात. मधल्या काळात दुसऱ्या कुणी तोच उंदीर नीट छापला असेल, तर नाव त्याचे.