छोटी खुली एआय मॉडेलं बेळगावच्या लॅपटॉपपर्यंत कशी आली

खानापूर तालुक्यातल्या मराठी शेतकऱ्याच्या हातात जमिनीचा उतारा पडतो तो कन्नडमध्ये. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर सीमाभागातल्या किती तरी घरांत हे असंच चालत आलंय: बोलणं मराठी, कागद कन्नड. असा कागद मराठीत समजावून सांगणारं छोटं अ‍ॅप आज बेळगावातला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून करू शकतो. मॉडेल डाउनलोड करायचं आणि आपल्याच लॅपटॉपवर चालवायचं. २०२० साली हे जमण्यासारखं नव्हतं.

२०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आजच्या भाषा-मॉडेलांची मूळ रचना, मांडला. फेब्रुवारी २०१९ मध्ये ओपनएआयने जीपीटी-२ हे मजकूर लिहिणारं मॉडेल जाहीर केलं, पण गैरवापराची भीती सांगून दीड अब्ज पॅरामीटरचं (मॉडेल शिकताना ठरणारे आकडे) पूर्ण मॉडेल नोव्हेंबरपर्यंत हातचं राखलं. पुढच्या वर्षी आलेल्या १७५ अब्जांच्या जीपीटी-३ ची वेट्स, म्हणजे हेच शिकलेले आकडे, बाहेर आलीच नाहीत. वापरायचं तर एपीआयमधून, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला विचारून, डॉलरमध्ये पैसे मोजून. त्याला उत्तर म्हणून इल्युथरएआयच्या स्वयंसेवकांनी २०२१ मध्ये सहा अब्जांचं जीपीटी-जे खुलं केलं, म्हणजे कुणालाही डाउनलोड करता येईल असं. २०२२ च्या ब्लूम या खुल्या मॉडेलमध्ये तर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा होत्या. पण त्याचे पॅरामीटर १७६ अब्ज, म्हणजे १६ बिटांत नुसती वेट्सच साडेतीनशे जीबीच्या घरात. परवाना हातात होता, पण ते चालवायला लागणारं यंत्र कुणाकडे होतं? म्हणून मला वाटतं, आपल्यासारख्यांसाठी खरा बदल मॉडेल खुली झाली तेव्हा नाही, ती लहान झाली तेव्हा झाला.

तो बदल २०२३ च्या सुरुवातीला आला. मेटाने फेब्रुवारीत लामा हे मॉडेल फक्त संशोधकांना दिलं, आणि थोड्याच दिवसांत त्याची वेट्स इंटरनेटवर फुटली. मार्चमध्ये गेओर्गी गेर्गानोव या बल्गेरियन प्रोग्रॅमरने लामा.सीपीपी हा प्रोग्रॅम लिहिला आणि महागड्या जीपीयूशिवाय (असं गणित झपाट्याने करणारी चिप) साध्या प्रोसेसरवर मॉडेल चालू लागलं. त्यामागची युक्ती क्वांटायझेशनची: प्रत्येक वेट १६ बिटांऐवजी सुमारे ४ बिटांत साठवायचं. सात अब्जांचं मॉडेल १४ जीबीवरून चार जीबीच्या आसपास येतं, अचूकता थोडीच घटते. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात रेंज गेली तरी असं मॉडेल अडत नाही, आणि कुणाचा उतारा परक्या सर्व्हरवर पाठवावा लागत नाही.

पुढे गर्दीच झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये मिस्ट्रल ७बी अपाची या मोकळ्या परवान्यावर आलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलचं जेमा, सप्टेंबरमध्ये लामा ३.२ ची एक आणि तीन अब्जांची रूपं. यांतली सगळी काटेकोर अर्थाने ओपन सोर्स नाहीत. लामाच्या परवान्यात अटी आहेत, त्या वाचूनच काम सुरू करावं.

आपल्या लिपीची अडचण मात्र वेगळीच होती. 'बेळगाव' या शब्दात काना-मात्रा धरून सहा चिन्हं, युनिकोडच्या यूटीएफ-८ या साठवण-पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट, एकूण १८. जीपीटी-२ चा सुमारे ५० हजारांचा टोकन-संग्रह (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं त्यांची यादी) इंग्रजी मजकुरावरून बनलेला, त्यामुळे एकाच देवनागरी अक्षराचेही तुकडे पडत. त्याची एका वेळी वाचण्याची मर्यादा १०२४ टोकनांची, म्हणजे मराठीची दोन-चार परिच्छेदांतच जागा संपणार. कन्नडचीही हीच गत. जेमाचा संग्रह २,५६,००० टोकनांचा असल्याने ही तूट बरीच भरून निघाली.

मराठीच्या बाजूने पुण्याच्या एल३क्यूब या संशोधन गटाने २०२२ मध्ये महाबर्ट हे मराठी मॉडेल खुलं केलं. ते मजकूर लिहीत नाही, पण वर्गीकरणाला आजही उपयोगी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेलं दोन अब्जांचं सर्वम-१ हे मॉडेल दहा भारतीय भाषांवर शिकलेलं, त्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही. सीमाभागासाठी मला हीच जमेची मोठी बाजू वाटते. त्यावर लोरा या पद्धतीने, म्हणजे मूळ वेट्स तशीच ठेवून छोटे जोड-थर शिकवून, बेळगावी मराठीचे नमुने बसवता येतात.

इतकी लहान मॉडेलं आकड्यांत मात्र सहज चुकतात. म्हणून उताऱ्यावरचा सर्वे नंबर, क्षेत्र, बोजा हे साध्या कोडने थेट कागदावरून उचलावं, मूळ कागदाशी ताडून पाहावं, आणि मॉडेलकडे फक्त मराठी वाक्यं रचण्याचं काम द्यावं.