क्लेअरमाँट केस : 'नुसता कचरा' असं लिहिलेली डबी

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात १९९६-९७ मध्ये तीन मुली गायब झाल्या, त्या केसचा २०२० मध्ये निकाल काय लागला ते बहुतेकांनी वाचलंय, पण मागचं नीट माहीत नसलं की तो अर्धवट वाटतो, म्हणून हे थोडं. क्लेअरमाँट म्हणजे पर्थमधला पैसेवाल्यांचा भाग, वीकेंडला पब फुल्ल. जानेवारी १९९६ मध्ये तिथून १८ वर्षांची मुलगी गायब झाली, रात्री २ वाजून ६ मिनिटांनी तिने बूथवरून टॅक्सी मागवली, टॅक्सी २ वाजून ९ मिनिटांनी आली आणि मुलगी नाही. मग जूनमध्ये २३ वर्षांची, मार्च १९९७ मध्ये २७ वर्षांची. या दोघींचे मृतदेह शहराबाहेर झाडीत मिळाले, पहिलीचा आजपर्यंत नाही.

पुढची दहा-बारा वर्षं पोलीस माणसांच्या मागे धावले असं माझं मत आहे, आणि वस्तू पडून राहिल्या. टॅक्सीवाल्यांचे डीएनए घेतले, आणि एका सरकारी नोकरदारावर तर इतकी उघड पाळत ठेवली की सगळ्या शहराला तो कोण ते कळलं. त्याच्यावर कधी आरोपपत्रच आलं नाही, २०१८ मध्ये गेला बिचारा. याबद्दल लोक फार बोलत नाहीत. त्याचं काय झालं ते कुठल्या निकालात येणार?

आता मुख्य मुद्दा, नखं. तिसऱ्या मुलीने जाम झटापट केली होती, डाव्या अंगठ्याचं नख तुटलेलं. पोस्टमॉर्टेममध्ये नखांचे नमुने वेगवेगळ्या छोट्या डब्यांत ठेवले आणि प्रत्येकीला नंबर. अंगठ्याची डबी ४० नंबरची, मधल्या बोटाची ४२. लॅबच्या नोंदीत ४० पुढे शेरा मारला 'डेब्री ओन्ली', म्हणजे नुसता कचरा, तपासणीलायक नाही. डबी आत नीट बघून कोणी ठरवलं का, की वरवर बघून शेरा मारून टाकला, यावर अजून वाद घालणारे आहेत, पण एकदा शेरा पडला की पुढचा माणूस तो खोडत नाही, सरकारी फाइल कुठलीही असो. २००८ मध्ये नमुने इंग्लंडला पाठवले, तिथे माल कमी म्हणून ४० आणि ४२ चे अर्क एकत्र केले आणि त्यात पुरुषाचा डीएनए निघाला. तो जुळला १९९५ च्या एका केसशी, क्लेअरमाँटमधूनच एका १७ वर्षांच्या मुलीला उचलून कॅराकाटा स्मशानभूमीत बलात्कार केला होता, ती वाचली होती. म्हणजे दोन्ही टोकं पर्थमध्येच कपाटात पडून होती.

गंमत अशी की हाच शेरा शेवटी खटल्यात कामी आला. बचाव पक्षाचं म्हणणं होतं की लॅबमध्येच डीएनए मिसळला, आणि ते अगदी हवेत नव्हतं, कारण त्या लॅबच्या कर्मचाऱ्यांचा डीएनए दुसऱ्या काही नमुन्यांत खरंच सापडला होता. पण ४० नंबरची डबी पर्थच्या लॅबमध्ये उघडलीच गेली नव्हती, कचरा समजून. मग मिसळणार कुठून? आळस म्हणा की निष्काळजीपणा, त्याच्यामुळे पुरावा शाबूत राहिला.

पण नाव मिळायला अजून ८ वर्षं. १९८८ मध्ये पर्थच्याच हंटिंगडेल भागात एका मुलीच्या खोलीत माणूस घुसला होता आणि पळताना रेशमी किमोनो (जपानी पद्धतीचा झगा) टाकून गेला होता, तो किमोनो तपासायला २०१६ उजाडलं. डीएनए परत तोच. मग त्या भागातल्या जुन्या घरफोड्यांचे बोटांचे ठसे काढले आणि ते जुळले एका टेलिफोन टेक्निशियनशी, त्याचे ठसे पोलिसांकडे होतेच, कारण १९९० मध्ये हॉस्पिटलमध्ये कामाला गेलेला असताना त्याने तिथल्या एका सोशल वर्करवर मागून हल्ला केला होता. त्याला प्रोबेशन मिळालं आणि नोकरीही राहिली. थिएटरमध्ये त्याने टाकलेली स्प्राइटची बाटली उचलून डीएनए घेतला, २२ डिसेंबर २०१६ ला अटक. बाकी पुरावा म्हणजे धागे, त्याच्या टेलिफोन कंपनीच्या निळ्या पँटचे आणि कंपनीच्या होल्डन कमोडोर गाडीतले, दोन मृतदेहांच्या केसांत अडकलेले.

हंटिंगडेल आणि कॅराकाटा त्याने खटल्याच्या तोंडावर कबूल केलं, खून नाही. खटला ज्यूरीशिवाय, एकाच न्यायाधीशापुढे चालला, सप्टेंबर २०२० मध्ये दोन खुनांत दोषी, डिसेंबरमध्ये शिक्षा, जन्मठेप, किमान ४० वर्षं आत. पहिल्या मुलीच्या खुनात मात्र 'नॉट गिल्टी', आणि आपल्याकडे त्याचं लगेच 'निर्दोष' होतं, ते चुकीचं वाटतं. न्यायाधीशांनी म्हटलं की तिचाही खून त्यानेच केला असण्याची शक्यता जास्त आहे, पण तिचा मृतदेह नाही, नख नाही, धागा नाही, फक्त त्याच्या बाकीच्या गुन्ह्यांवरून संशयापलीकडे सिद्ध होत नाही. म्हणजे दोष सिद्ध झाला नाही, एवढंच. ती कुठे आहे हे त्याने अजून सांगितलेलं नाही.