सर्व्हरमधली मेमरीची जुनी सेटिंग काढायलोत, सुट्टीच्या दिवशी तासभर द्या

नमस्कार मंडळी. लातूर, नांदेड, परभणीच्या ज्या ग्राहकांकडं आम्ही एकाच सर्व्हरवर हिशोबाचं एक, बिलिंगचं एक असे दोन-तीन व्हीएम (म्हणजे एकाच सर्व्हरच्या आत चालणारे वेगवेगळे कॉम्प्युटर) लावून दिलेत त्यांच्यासाठी हे पान, अन् ज्यांच्या सर्व्हरमध्ये दोन प्रोसेसर आहेत त्यांनी तर वाचाच, बाकीच्यांनी मुनीमजींकडं दिलं तरी चालतंय.

हे व्हीएम क्यूएमू नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतात. फुकटातलं आहे पण २००३ पासूनचं, भक्कम. दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये प्रत्येकाजवळ त्याची त्याची रॅम असते, जवळची पटकन मिळते, पलीकडची आणायला वेळ जातो. क्यूएमूत "मेम" म्हणून एक जुना ऑप्शन होता, त्यानं व्हीएमला सांगायचं की बाबा तुझी ८ जीबी इकडं अन् ८ जीबी तिकडं. पण हे सांगणं नुसतं व्हीएमपुरतं, खालच्या खऱ्या सर्व्हरला रॅम कुठून द्यायची ते त्यातून कळतच नव्हतं. मोंढ्यातलंच घ्या, वहीत लिहिलंय सोयाबीन एक नंबरच्या गोडाऊनला अन् हमालांनी पोती टाकलीत जागा दिसेल तिथं, मग वही बघून गेलेला माणूस हेलपाटेच घालणार की.

२०१४ पासून "मेमडेव्ह" ही पद्धत आली, तिच्यात रॅम कोणत्या प्रोसेसरजवळून घ्यायची ते खरंच बांधून देता येतं. तरी आम्ही जुनीच वापरत राहिलो, चालत्या गाडीला कोण हात लावतंय. २०१९ मध्ये क्यूएमूवाल्यांनी जाहीर केलं की जुनं "मेम" जाणार, अन् २०२० च्या ५.१ व्हर्जनपासून नवीन मशीन टाइपवर (मशीन टाइप म्हणजे क्यूएमू व्हीएमला जे हार्डवेअर दाखवतो त्याचा नमुना) ते घेतच नाही. जुन्या मशीन टाइपवर चालतंय, म्हणून तुमचं आज काही बंद पडलेलं नाही.

मग आत्ताच काहून? तर एका अडतीवर आम्ही व्हर्जन बदललं अन् १६ जीबीचा व्हीएम उठेचना, सौदा तोंडावर, मुनीमजी तिसऱ्यांदा चहा पाठवून दारातून बघायलेत. दुखणं वेगळं होतं पण मेमरीचंच. त्या व्हीएमला आम्ही २ एमबीची ह्यूज पेजेस (म्हणजे रॅमचे मोठे तुकडे) राखून ठेवलेली, १६ जीबीला ८१९२ लागतात अन् आम्ही गोल आकडा ८००० टाकलेला. जुना क्यूएमू अपुरं पडलं की लॉगमध्ये एक ओळ टाकून साध्या रॅमवर भागवायचा, ती ओळ आम्ही कधी वाचलीच नाही. ५.० पासून ही सवलत बंद, पुरलं नाही तर सुरूच होत नाही. १९२ पेजेससाठी दीड तास गेला, त्याचे पैसे आम्ही लावले नाहीत, लावणार तरी कोणत्या तोंडानं. असा सौदा परत अडकू नये म्हणून आता सगळ्यांच्याच व्हीएम सुरू करायच्या स्क्रिप्टा (क्यूएमूला द्यायच्या सूचनांच्या फाइली) तपासायच्या ठरवल्यात.

सुट्टीच्या दिवशी येऊ. आधी बॅकअप, मग व्हीएम पूर्ण शटडाउन. इथं बरेच जण चुकतात, विंडोजमधून रिस्टार्ट मारलं तर आतलं विंडोज तेवढं परत उठतं, बाहेरचा क्यूएमू जुन्याच सेटिंगवर चालू राहतो. डेटाला हात लागत नाही, बदल सुरू करायच्या स्क्रिप्टमधल्या दोन-चार ओळींचा. मशीन टाइप नवीन केला की विंडोजला कधी वाटतं हार्डवेअरच बदललं अन् ॲक्टिव्हेशन मागतं, तर लायसनची की शोधून ठेवा, बहुतेक जुन्या बिलाला पिन मारलेली सापडेल.

एक प्रोसेसरवाल्यांची "मेम"ची ओळ नुसती काढून टाकू, त्यांना फरक जाणवणार नाही. दोनवाल्यांनापण लई वेग वाढेल असं आम्ही म्हणत नाही, पण वहीत एक अन् गोडाऊनला दुसरं असं राहणार नाही.

एएमसीत (वर्षाच्या देखभालीच्या करारात) धरलंय, वेगळा चार्ज नाही. आदल्या दिवशी फोन करू. यूपीएसची बॅटरी मात्र तेवढी बघून ठेवा, मधेच लाईट गेली तर आमचं अन् तुमचं दोघांचं काम वाढतंय.