पैठणीवरचे न दिसणारे डाग

आईची लग्नातली पैठणी आम्ही काही वर्षांपूर्वी, लग्नानंतर तीस वर्षांनी उघडली. ठेवताना ती अगदी स्वच्छ होती, असं आई आजही छातीठोकपणे सांगते, आणि माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. तरी निऱ्यांवर तळहाताएवढा तपकिरी डाग उमटला होता आणि पदर नेमका घडीच्या रेघेवर चिरला होता. कपाटाला कुलूप, साडीला कुणाचा हात नाही, मग हा डाग आला कुठून?

तो लग्नाच्या दिवशीच पडला होता, फक्त दिसत नव्हता. सरबत, पन्हं, गुलाबजामचा पाक यांचा थेंब वाळला की कापडावर जवळजवळ काहीच दिसत नाही. साखर मात्र धाग्यात मुरलेली असते. हवेतल्या ऑक्सिजनशी तिची हळूहळू प्रक्रिया होते आणि काही वर्षांत तिथे पिवळा, मग तपकिरी डाग दिसू लागतो. वरून गरम इस्त्री फिरली तर हेच काम काही क्षणांत होतं. घामाचंही तसंच. घाम वाळला की मीठ आणि स्निग्ध पदार्थ मागे राहतात. ते रेशीम पिवळं करतात आणि कमकुवतही करतात.

‘पण आम्ही ड्रायक्लीनिंग केलं होतं की!’ असं बहुतेक घरांत ऐकू येतं. ड्रायक्लीनिंगमध्ये पाण्याऐवजी पर्क्लोरोएथिलीनसारखं द्रावक वापरतात. तूप, तेल, मेकअप त्यात सहज विरघळतात. साखर आणि मीठ पाण्यात विरघळणारे पदार्थ. या द्रावकात ते जवळजवळ तसेच राहतात. म्हणून साडी देताना ‘इथे सरबत सांडलं होतं, काखेत घाम आला होता’ असं बोट ठेवून सांगायला हवं. मग त्या जागेवर आधी वेगळी प्रक्रिया करता येते. हे काम लग्नानंतरच्या आठवड्याभरात व्हावं, कारण डाग जितका जुना तितका चिवट.

हळदीचा डाग निदान दिसतो, पण तो फसवतो. त्यावर साबण लावला की तो लालभडक होतो आणि घरात एकच घबराट उडते. खरं तर ही आपल्या ओळखीची गोष्ट आहे: हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं. हळदीतलं कर्क्युमिन अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात आलं की लाल होतं. साबण अल्कधर्मीच असतो. तो धुवून निघाला की रंग परत पिवळ्याकडे वळतो. कर्क्युमिन उन्हात विरतं, म्हणून सुती कापडावरची हळद उन्हात वाळवून फिकी करता येते. रेशमावर हा उपाय करू नका. उन्हातले अतिनील किरण रेशीमही पिवळं आणि ठिसूळ करतात.

रेशीम हे फायब्रॉइन नावाचं प्रथिन आहे, हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. धुण्याच्या पावडरी अल्कधर्मी असतात आणि त्यांतल्या काहींमध्ये प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स घातलेली असतात. रक्ताचे, दुधाचे डाग काढणारं हे एन्झाइम रेशमाच्या धाग्यालाही डाग समजूनच वागतं. क्लोरीनचं ब्लीच तर रेशीम चक्क विरघळवतं. आजी रेशमी कद रिठ्याच्या पाण्यात धुवायची. रिठ्यातली सॅपोनिन्स फेस देतात, मळ सोडवतात, आणि ते पाणी किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून रेशमाला सोसतं. तरीही जरीची भारी साडी घरी पाण्यात घालू नये असंच माझं मत आहे. तिचा रंग पक्का असेलच, असं सांगता येत नाही.

आता जरीबद्दल. जुन्या खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी चांदीची प्रक्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइड बनतं. जरीचा रंग काळा पडतो तो त्यामुळे. हल्लीच्या बऱ्याच जरीत तांबं असतं. त्यावर घाम राहिला तर हिरवट डाग येतात. काळ्या जरीवर चिंच, लिंबू किंवा टूथपेस्ट घासून पाहणाऱ्यांना मी हात जोडते. त्या घासण्यात मुलामाच निघून जातो आणि तो परत येत नाही.

पदर चिरला तो घडीमुळे. घडीच्या रेघेवर तार वर्षानुवर्षं वाकलेली राहते, तुटते, आणि तिची टोकं शेजारचं रेशीम कापतात. हँगरवर लटकवणंही बरं नाही, कारण जरीचं सगळं वजन एकाच रेघेवर येतं. धुवून खळ काढलेल्या मऊ पांढऱ्या मलमलीत साडी गुंडाळा, घड्यांच्या आत त्याच मलमलीच्या गुंडाळ्या भरा, म्हणजे घडी गोलसर राहते. दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी काढून टाका. तिच्यात दमटपणा कोंडतो आणि पावसाळ्यात बुरशी धरते. वर्तमानपत्रही नको, त्या कागदातून आम्ल सुटतं.

डांबराच्या गोळ्या आणि कापूर एकत्र ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. ती सोडाच. दोन्ही पदार्थ एकमेकांत मिसळले की मिश्रणाचा वितळणबिंदू एकदम खाली येतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचा तेलकट ओघळ साडीवर पडू शकतो. घरात तान्हं बाळ असेल तर डांबराच्या गोळ्या मुळीच नकोत. काही बाळांच्या तांबड्या पेशी त्यांच्या वाफेने फुटतात. कसरीला मुळात हवे असतात घामाचे, अन्नाचे अंश आणि खळ. कापड स्वच्छ असेल तर तिचं आकर्षण बरंच कमी होतं.

आम्ही आता दर वर्षी पाऊस सरल्यावर, हवा कोरडी झाली की, ती पैठणी काढतो. उन्हात नाही, आतल्या खोलीत, धुतलेल्या चादरीवर. अंगठ्या, बांगड्या काढून, हात कोरडे करून. तासभर हवा लागली की जुन्या रेघेपासून चार बोटं सरकवून नवी घडी घालतो. चिरलेल्या जागेखाली आईने पातळ रेशमाचं अस्तर बारीक टाक्यांनी धरलं आहे. तपकिरी डाग आहे तिथेच आहे.