चेहऱ्यावरची धूळ वेगळी, धुरातली काजळी वेगळी

इंदुरात विजयनगरहून ए. बी. रोडने स्कूटरवर रामबागेत परतलं की चेहरा काळवंडतो, आणि घरोघरी एकच सल्ला मिळतो: घासून काढ. बेसन, मसुराचं पीठ, अक्रोडाचं स्क्रब. ‘प्रदूषण निघालं पाहिजे!’ निघते ती धूळ. सुरकुत्या आणि डाग आणते ती काजळी.

धुळीबद्दल काय सांगायचं? रस्त्यावरची माती, बांधकामाची भुकटी. त्वचेवर बसते, पाण्याने जाते.

डिझेलच्या किंवा जाळलेल्या कचऱ्याच्या धुरातले कण २.५ मायक्रॉनहून बारीक असतात. आपला केसच साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड. हे कण छिद्रांतून आत शिरतात, असं जो तो सांगतो. पण धडधाकट त्वचेचा वरचा थर बहुतेक कण अडवतो. आत जातात ती कणांवर बसून आलेली रसायनं, उदाहरणार्थ बेंझोपायरीन. ती तेलात विरघळतात, त्यामुळे त्वचेतल्या स्निग्धांशातून सहज खाली झिरपतात. तिथल्या पेशींतल्या एएचआर नावाच्या प्रथिनाला ती चिकटली की पेशी त्यांना मोडायला लागते, आणि त्या खटाटोपात ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात. मग एमएमपी-१ हे एन्झाइम वाढून त्वचेला घट्ट ठेवणारं कोलेजन तुटतं, म्हणजे सुरकुत्या. आणि रंग बनवणाऱ्या पेशी चेकाळतात, म्हणजे डाग. वर ऊन असेल तर बेंझोपायरीन आणखी घातक. जर्मनीतल्या ७० ते ८० वर्षांच्या ४०० स्त्रियांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. रहदारीची काजळी जास्त तिथे कपाळावर आणि गालांवर डाग सुमारे २० टक्के जास्त आढळले, तेही उन्हाचा हिशेब वेगळा काढून.

आता स्क्रबकडे पाहा. रसायनांना अडवणारा बांध म्हणजे तोच वरचा थर, आणि आपण रोज तोच खरवडतो! खालच्या पेशी डागडुजीसाठी घाईने विभागतात, ती घाई ‘नवी त्वचा’ म्हणून मिरवली जाते. गव्हाळ-सावळ्या कातडीवर त्या खरवडण्याचेच डाग राहतात. कोळशाचा मास्कही आत मुरलेलं काही ओढून काढत नाही.

इंदूर २०१७ पासून सलग कितीतरी वर्षं स्वच्छतेत पहिलं आलं, मग इथे कसलं प्रदूषण, असंही म्हणतात. मला या शहराचा अभिमान आहे, पण झाडूने धूळ जाते. सायलेन्सरमधून निघणारी काजळी नाही. तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याचंही तसंच: ऊन आणि धूळ यांसाठी जरूर बांधा, बारीक कण त्याच्या विणीतून पार होतात.

सकाळी सनस्क्रीन. घरी आल्याआल्या एकदा सौम्य फेसवॉश, रगडणं नाही, कारण काजळी जितका कमी वेळ त्वचेवर राहील तितकं कमी झिरपेल. रात्री साधं मॉइश्चरायझर, म्हणजे बांध शाबूत राहतो. अक्रोडाची डबी आजच टाकून द्या.